झोपली आहे, उठवू नये

तराळे सरांनी विमानाच्या इंजिनातल्या तेलाचं झाकण फिरवून काढलं, उलटं केलं, आतून बोट फिरवलं आणि ते बोट हँगरच्या दारातून येणाऱ्या उन्हात धरलं. बोटावर सायीसारखं काहीतरी आलं होतं, पिवळट पांढरं. मी शेजारी हसऱ्या तोंडानं उभी होते. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत होते.

सरांनी बोट रुमालाला पुसलं, झाकण होतं तसं घट्ट लावलं आणि काठी टेकत बाहेरच्या बाकाकडे निघाले.

"चहा मांड मंजू," ते म्हणाले. "पाच महिने दवाखान्यातला चहा प्यालो. तोंडाची चवच गेली बापा."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वऱ्हाडातल्या एका लहानशा फ्लाइंग क्लबात शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागले होते. एक धावपट्टी, एक पत्र्याचा हँगर, सहा-सात विद्यार्थी आणि दोन जणांना बसता येईल असं एक विमान. धावपट्टीच्या कडेच्या गवतात टिटव्या अंडी घालायच्या आणि आपल्या जागेवरून हटायच्या नाहीत. त्यांच्यावरूनच सरांनी विमानाचं नाव टिटवी ठेवलं होतं. गुणवंत तराळे सर क्लबचे प्रशिक्षक. विमान उडवायला शिकवण्याचं आणि विमान दुरुस्त करण्याचं, अशी दोन्ही लायसन्स त्यांच्याकडे होती. तरुणपणी त्यांनी कपाशीवर औषध फवारणारी विमानं चालवली होती, तुरीच्या शेंड्यांना चाक लागेल इतक्या खालून. पण मी पाहिले ते सर म्हणजे घाई नावाची गोष्ट माहीत नसलेला माणूस.

सकाळी इंजिन सुरू केलं की तेलाच्या तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत ते टिटवीला जागचं हलू देत नसत. विद्यार्थी ताटकळायचे. उंचावरून उतरताना इतर वैमानिक एका झटक्यात थ्रॉटल मागे ओढतात. सर जिना उतरल्यासारखे यायचे. थोडी ताकद कमी, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा थोडी. तापलेल्या इंजिनावर वरचा गार वारा एकदम आदळला तर सिलिंडरला तडे जातात, असं ते सांगायचे. आणि उतरून विमान उभं केलं की इंजिन लगेच बंद नाही. खिशातून संत्र्याची गोळी काढायची, तोंडात टाकायची, आणि गोळी विरघळेपर्यंत इंजिन मंद चालू ठेवून गप्प बसायचं. गोळी संपली की इंजिन बंद.

हर्षल बोबडे नावाचा एक विद्यार्थी होता, भारी बोलका. तो म्हणायचा, सरांची गोळी संपेपर्यंत इथून सुटलेली एसटी अमरावतीला पोचते. सर ऐकून न ऐकल्यासारखं करत. एकदा मात्र म्हणाले, "तू चावून खाणारा आहेस हर्षल. तुझ्या हातात इंजिन टिकणार नाई."

टिटवीबरोबरच त्याच कारखान्यातलं, तसंच दुसरं विमान क्लबनं घेतलं होतं. ते दुसऱ्या प्रशिक्षकाकडे होतं. अकराशे तासांत त्याचं इंजिन खोलावं लागलं, दोन सिलिंडर फुटले होते. टिटवीचं इंजिन मात्र सरांच्या हातात एक हजार नऊशे बारा तास चाललं होतं आणि अजून एक नटही सैल झाला नव्हता. कारखाना दोन हजार तास म्हणतो. आमच्या क्लबात कुठलंच इंजिन तिथवर पोचलेलं नव्हतं. सर मार्चअखेर निवृत्त होणार होते. एकदा चहा पिता पिता त्यांनी मला सांगितलं होतं, की दोन हजार झाले की आपण घरी जाणार, मग कोणी हारतुरे आणले नाहीत तरी चालेल. ते बोलणं त्यांनी दुसऱ्या कुणाजवळ केलेलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आणि मग सप्टेंबरात, हँगरमधला दिवा बदलताना स्टुलावरून पडून सरांच्या मांडीचं हाड मोडलं.

दुसरा प्रशिक्षक मी लागण्याआधीच सोडून गेला होता, त्याचं विमानही विकलं होतं. क्लब बंद पडला. विद्यार्थी गावोगाव गेले. हँगरची किल्ली माझ्याकडे आली. सरांना नागपूरला नेण्याआधी त्यांनी मला बोलावून घेतलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या एका पुठ्ठ्यावर चार शब्द लिहिले आणि म्हणाले, "हे टिटवीच्या नाकावरच्या पंख्याला बांध. जाडं तेल भर, इंजिनाची तोंडं झाकून टाक, आणि राहू दे."

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: झोपली आहे. उठवू नये.

मला तो सरांचा विनोद वाटला. दुखण्यातही माणूस विनोद करतो याचं कौतुक वाटलं. मी पुठ्ठा पंख्याला बांधला, सांगितलं ते सगळं केलं, आणि आठ दिवस खरंच हात लावला नाही.

पण माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर. आमचं घर डेपोच्या भिंतीला लागून. माझं लहानपण पहाटे पाच वाजता एकामागून एक सुरू होणाऱ्या बसगाड्यांच्या घरघरीत गेलं. सुट्टीवर असलेली गाडीसुद्धा बाबा जाऊन चालू करून यायचे. उभी गाडी मरते, असं ते म्हणायचे. हँगरमध्ये टिटवी एकटी उभी, बाहेर परतीचा पाऊस, सगळीकडे ओल. मला ते बघवेना. नवव्या दिवशी सकाळी सात वाजता मी पुठ्ठा सोडला, झाकणं काढली, इंजिन सुरू केलं. पहिल्या फटक्यात लागलं. इतकं गोड वाजलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात मिनिटं चालवलं, बंद केलं, पुन्हा झाकलं, पुठ्ठा बांधला.

मग रोज. पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून सात मिनिटांच्या वर नाही. दिवाळीतही गेले. सरांना येऊ देत, मग सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. बघा, म्हणायचं, एक दिवस खंड पडू दिला नाही.

फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला, सोमवारी, सर आले. आणि झाकणाच्या आतली ती साय त्यांनी उन्हात धरली.

चहाचं आधण मी बाहेरच्या स्टोव्हवर ठेवलं. हर्षल आदल्याच दिवशी गावाहून परत आला होता, तोही बाकावर येऊन बसला. सरांनी मला पातेल्यावर झाकण ठेवायला सांगितलं. पाणी कोमट झालं असेल नसेल, एवढ्यात म्हणाले, स्टोव्ह बंद कर. मला कळेना. मी बंद केला. मग त्यांनी हर्षलला झाकण उचलायला लावलं. झाकणाला आतून थेंब लागले होते.

"हे थेंब कधी जातीन?" सरांनी विचारलं.

हर्षल म्हणाला, चहा उकळू दिला असता तर वाफ होऊन उडून गेले असते, आता इथेच बसणार, आणि सर, आम्हाला चहा मिळणार आहे की नुसतं शिक्षण?

"मिळन. आधी ऐक. पेट्रोल जळलं की पाणी तयार होते. विमान अर्धा तास हवेत राहिलं, इंजिन खरं तापलं, तर ते पाणी वाफ होऊन निघून जाते. जमिनीवर पाच-सात मिनिटं चालवून बंद केलं तर आतच बसते. तेलात मिसळते, आणि मंग हळूहळू लोखंड खाते. आपल्या इंजिनात झडपा उघडणारी कॅमशाफ्ट वरच्या बाजूला आहे. तेल आधी तिच्यावरूनच निथळते. म्हणून गंजही आधी तिलेच."

"म्हणजे उभं ठेवायचं तर चालवायचंच नाही?"

"एक तर नीट उडवायचं. नाहीतर तेलात झोपू द्यायचं. मधलं काही नाई."

हे सगळं ते हर्षलला सांगत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. हर्षलच्या हातातलं झाकण मी घेतलं. मी ते पालथं करून ठेवलं, स्टोव्ह पेटवला, साखर टाकली. साखर दोनदा पडली असं हर्षल नंतर म्हणाला.

त्या दुपारी सरांनी मला त्यांची औषधं आणायला गावात पाठवलं. परत आले तर ते टिटवीपाशी स्टूल घेऊन बसलेले. म्हणाले, येत्या सोमवारी उडायचं, तू माझ्या शेजारी बसायचं. तोवर इंजिनावरच्या पत्र्याला हात लावायचा नाही, तपासणी माझी मी करीन.

शेजारी बसायचं. दोन वर्षं मी त्या विमानाचे नट पिळले होते, हवेत एकदाही गेले नव्हते. आता सर न्यायला निघाले होते, आणि कुठल्या इंजिनाच्या भरवशावर, ते फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. सरांना साय दिसली होती, पण ती कुठून आली हे त्यांनी विचारलं नव्हतं. वय झालं, दुखणं झालं, लक्षात आलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. दर सकाळी ठरवायची, आज सांगायचं. सांगितलं तर नोकरी जाणार होती, ते एक. पण त्याहून वाईट हे, की त्यांचे ते दोन हजार तास मी खाल्ले होते, आणि हे माझ्या तोंडून त्यांना कळणार होतं.

मंगळवारी सरांनी सहज विचारलं, ऑक्टोबरात पाऊस किती झाला इकडे. मी म्हटलं, बराच. बुधवारी विचारलं, तुझे बाबा अजून ड्युटीवर आहेत का. मी म्हटलं, गेल्या वर्षी रिटायर झाले. "बसवाले लोक गाडीला फार जपतात," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं आणि पाने आवरायला गेले. गुरुवारी मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत पोचले. आत हर्षल हवामानाचे तक्ते घेऊन बसला होता. मी दारातूनच विचारलं, चहा टाकू का. शुक्रवारी शिवजयंतीची सुट्टी, तरी दोघंही आलो. सर डबा उघडून बसले, मला म्हणाले, जेव. मी भूक नाही म्हटलं. शनिवारी मी दिवसभर पाने पुसत बसले.

रविवारी घरी बाबांना सांगितलं. बाबा उठून अंगणात गेले. मग म्हणाले, मी बसबद्दल बोलत होतो गं.

सोमवारी सकाळी टिटवी उन्हात बाहेर काढलेली होती. वारा पडलेला, आकाश धुतल्यासारखं. सरांना आत चढवायला मी हात दिला, काठी मागे ठेवली, मग शेजारी बसले. पट्टे बांधले. सरांनी किल्लीला हात लावला नाही. खिशात हात घातला आणि संत्र्याच्या दोन गोळ्या काढल्या. एक मला दिली.

"ही तर उतरल्यावर असते," मी म्हटलं.

"आज आधी."

दोघांनी गोळ्या तोंडात टाकल्या. समोर धावपट्टी पांढरी पडली होती. टिटव्यांची एक जोडी कडेकडेनं चालत होती. सरांचे हात मांडीवर, मोडलेल्या पायावर, स्वस्थ. ते काही बघत नव्हते, कशाची वाट पाहत असल्यासारखंही दिसत नव्हते. गोळी आधी गुळगुळीत झाली, मग बारीक, मग जिभेवर नुसती एक चकती उरली. ती संपली की सर किल्ली फिरवणार, हे मला दिसत होतं.

"सर, टिटवी झोपलेली नव्हती," मी म्हटलं. "मी तिला रोज उठवत होते."

"हं."

"सकाळी सातला. सात मिनिटं."

"काटा हलायचा?"

"नाही. त्याच्या आतच बंद करायचे. पेट्रोल वाचावं म्हणून."

"रोज?"

"रविवारीसुद्धा."

सरांनी डोळे मिटले. त्यांच्या मिशा हलल्या. "रविवारीसुद्धा," ते म्हणाले. "सुट्टी पण घेतली नाई पोरीनं." मग डोळे उघडून विचारलं, "काहून?"

बाबा, डेपो, उभी गाडी, सगळं सांगितलं. आणि शेवटी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते, की पावसात ती एकटी उभी होती आणि मला बघवत नव्हतं.

"मले एक फोन करायचा."

"तुम्ही दवाखान्यात होता."

"हाड मांडीचं मोडलं होतं मंजू. कान चालू होते माझे."

मग त्यांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, उतर, पत्रा काढू.

पत्रा काढला तर चारही सिलिंडरांचे वरचे प्लग जागेवर नव्हते. भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे होते. म्हणजे किल्ली फिरवली असती तरी इंजिन लागलंच नसतं. कधी काढले, मी विचारलं. "जरा आधी," सर म्हणाले आणि मला पाना आणायला पाठवलं.

दुपारपर्यंत आम्ही एक सिलिंडर उतरवला. आत, कॅमशाफ्टवर घासणाऱ्या टॅपेटची तोंडं आरशासारखी असायला हवीत. त्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले होते. मी मान फिरवली. सरांनी टॉर्च माझ्या हातात दिली आणि म्हणाले, नीट बघ, पुन्हा बघायला मिळणार नाही असं बघ. मी बघितलं. ते मला अजून दिसतं.

एक हजार नऊशे बारावर ते इंजिन थांबलं.

इंजिनाच्या नोंदवहीत सरांनी ती नोंद माझ्या हातानं लिहून घेतली. दोष, कॅमशाफ्ट आणि टॅपेट गंजलेले. कारण, पाच महिने रोज सात मिनिटं जमिनीवर चालवलं. चालवणारी, मंजिरी इंगळे. मी पेन ठेवलं. सर म्हणाले, अजून एक ओळ आहे. दोष सांगणारी, मंजिरी इंगळे. ती कशाला, मी म्हटलं.

"पहिली लिहिली तर दुसरी लिहावीच लागते," सर म्हणाले आणि खाली सही केली.

क्लबच्या कमिटीनं मला काढायचं ठरवलं होतं. सर बैठकीला नोंदवही घेऊन गेले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसले. दुसरं काही बोलले नाहीत, असं हर्षलनं बाहेरून ऐकून येऊन सांगितलं. मी राहिले. मार्चअखेर सर निवृत्त झाले. हारतुरे होते, दोन हजार नव्हते.

टिटवीला नवं इंजिन बसलं. पुढे मी तंत्रज्ञाचं लायसन्स काढलं, टिटवीच्या सगळ्या सह्या माझ्याकडे आल्या. काटा हिरव्यात आल्याशिवाय मी कुणाला हलू दिलं नाही. हँगरच्या दारात संत्र्याच्या गोळ्यांची बरणी ठेवली. हर्षल प्रशिक्षक होऊन तिथेच आला, आणि आता तोही चावून खात नाही. ते इंजिन दोन हजारांवर पोचलं त्या दिवशी मी सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, एकही सिलिंडर खोलला नाही ना. नाही म्हटल्यावर पलीकडून गोळीचा कागद सोडल्याचा आवाज आला.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या बारशाला सर आले. ऐंशीच्या घरातले, काठी आता कायमची. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत पाळण्यापाशी गेले, खिशातून एक जुना पुठ्ठा काढला आणि पाळण्याच्या दोरीला बांधला. झोपली आहे. उठवू नये. सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसले, आणि मग डोळे पुसायला अंगणात गेले.

निघताना सरांनी माझ्या हातात एक खिशातली डायरी ठेवली, तेलाच्या बोटांनी काळी झालेली. "आई झालीस," म्हणाले. "आता कामी येईन."

पाहुणे गेल्यावर, लेकीला मांडीवर घेऊन मी ती उघडली. त्यांनी एका पानात दोरा घालून ठेवला होता. बारीक अक्षर, दर दिवसाला एक-दोन ओळी.

१५ फेब्रुवारी. झाकणात पाणी. मंजूनं चालवलं, दुसरं कोणी नाही. तिला औषधं आणायला पाठवून वरचे प्लग काढले. विचारायचं नाही. स्वतः सांगेल.

१६. आज नाही.

१७. आज नाही.

१८. दारापर्यंत आली होती. आज नाही.

१९. आज नाही. जेवली नाही पोरगी.

२०. आज नाही.

२१. घरी. वाटलं, उद्या आपणच विचारून टाकावं. नको. थ्रॉटल एकदम ओढायचा नाही.

२२. बोलली. गोळी संपायच्या आत.